मोहल्ला कमिटीचं मूळ भिवंडीत

सण तोंडावर आला की पोलीस ठाण्यात शांतता समिती बसते. तेच नगरसेवक, तेच मौलवी, तेच मंडळांचे अध्यक्ष. चहा होतो, सहकार्याचं आवाहन होतं, मंडळी पांगतात. पण असल्या समित्यांनी यंत्रमागांचं भिवंडी काही वाचलं नाही. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून तिथे दंगल पेटली. न्या. मादन आयोगाने तिच्या चौकशीत पोलिसांच्या पक्षपातावरही बोट ठेवलं. मे १९८४ मध्ये गाव पुन्हा पेटलं.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले आणि त्यांनी बैठकीतली माणसंच बदलली. पुढाऱ्यांऐवजी गल्लीतली साधी माणसं, हिंदू आणि मुसलमान दोघेही, एका सतरंजीवर आली. अशा सुमारे ७० मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. सूत्रं त्या भागातल्या पोलिसाकडे. बैठका सणापुरत्या नव्हत्या, वर्षभर चालायच्या. विषय किरकोळच: नळावरची बाचाबाची, तुंबलेलं गटार, पोरांची मारामारी. पण याच भांडणांना पुढे धर्माचा रंग चढतो. शिवाय अफवा उठली की खरं-खोटं कुणाला विचारायचं, हे पोलिसाला ठाऊक झालं. आणि रहिवाशालाही ठाण्यात नावानिशी ओळखणारं कुणीतरी मिळालं.

डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पडली. मुंबईतल्या दोन महिन्यांच्या दंगलीत ९०० माणसं मेली. शेजारचं भिवंडी शांत राहिलं. खोपडे यांची तोवर बदली झाली होती, पण कमिट्या जागेवर होत्या. हाच धडा पुढे मुंबईने उचलला. पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी तिथे मोहल्ला कमिटीची चळवळ रुजवली.

भिवंडीची गोष्ट इथे गोड शेवटावर थांबत नाही. जुलै २००६ मध्ये एका पोलीस ठाण्याच्या जागेवरून तिथे वाद चिघळला. पोलीस गोळीबारात दोन नागरिक गेले आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. एकदा मिळवलेला विश्वास कायमचा जमा राहत नाही. कमिटी भरवणं हा अधिकाऱ्याच्या आवडीचा मामला न राहता बीटवरच्या हवालदाराची रोजची ड्युटी ठरली, तरच ती टिकेल.