रानपिंगळ्याची चिठ्ठी

वाशीम जिल्ह्यांत, मालेगांव तालुक्यांत, किन्हीराजा म्हणून एक गांव आहे. तेथील एका मुक्कामांत केलेली नोंद आमच्या जुन्या टिपणवहींत परवां सांपडली : ‘सागाच्या शेंड्यावर, दिवसाउजेडीं, रानपिंगळा?’ पुढें तारीख नाहीं. अंदाजानें एखादी तारीख घालावी असा मोह आम्हांला झाला. इतक्यांत याच पक्ष्याची एक हकीकत स्मरली आणि हात आवरला. ती हकीकत वाचकांपुढें ठेवतों.

साधा पिंगळा सर्वांच्या ओळखीचा. पहांटे कंदील घेऊन दारीं येणारा पिंगळा जोशी आपण या पक्ष्याची भाषा जाणतों असें सांगतो. रानपिंगळा त्याचाच भाऊबंद. पण याचें डोकें मोठें, माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहींत, आणि घुबडाच्या कुळांत जन्मून हा दिवसा हिंडतो. १८७२ सालीं ब्लेविट नांवाच्या गृहस्थांनीं आजच्या छत्तीसगडांत त्याचा पहिला नमुना मिळविला. राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळें ज्यांचें नांव आपण जाणतों, त्या ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनीं १८७३ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें खानदेशांतील मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनीं शहादें-तळोद्याकडे आणखी नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र पक्षी जणूं नाहींसाच झाला.

अशा नमुन्यांची रीत येथें सांगितली पाहिजे. मारलेल्या पक्ष्याचें कातडें सोलून त्यांत कापूस भरतात आणि पायाला चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीवर स्थळ, तारीख व जमविणाराचें नांव असतें. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९११ मध्यें सस्तन प्राण्यांची मोठी पाहणी आरंभिली व खानदेश आणि वऱ्हाड हे प्रांत प्रथमच हातीं घेतले. तिचाही सारा भार या चिठ्ठ्यांवरच होता. चिठ्ठी गेली कीं उरतें तें निव्वळ कातडें.

रानपिंगळ्याचा घोटाळा या चिठ्ठींतच झाला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नामांकित संग्रहांत एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर तापीकांठचें मांडवी हें गांव आणि १९१४ हें साल. विद्वानांनीं ती खरी मानली व त्या नोंदीनें पुढील शोधाला गुजराथची वाट दाखविली. सालिम अली व डिलन रिप्ले यांच्यासारख्या जाणत्यांचा शोधही निष्फळ झाला.

अखेर पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर या पक्षिशास्त्रज्ञांनीं तो नमुना क्ष-किरणांखालीं पाहिला. जुनी भरणी काढून नवी घातलेली. परंतु आंत राहिलेल्या खुणा डेव्हिडसन यांच्या हातच्या! ब्रिटिश संग्रहालयांतून चोरलेल्या त्यांच्याच नमुन्याला नवें गांव व नवा धनी मिळाला होता. मग खऱ्या चिठ्ठ्यांचा माग काढीत रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट निघाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजीं सकाळीं शहाद्याजवळ रानपिंगळा त्यांच्यापुढें उभा राहिला. ११३ वर्षें लोटलीं होतीं! त्यानंतर फराह इश्तियाक व असद रहमानी यांनीं सातपुड्यांत पाहणी केली, तेव्हां तोरणमाळ व आमच्या वऱ्हाडांतील मेळघाट येथेंही तो आढळला. ज्याला मेलेला समजत होतों तो आपल्या घरींच होता.

बनावट सनदेनें इतिहासाची किती हानि होते हें महाराष्ट्राला सांगावयास नको. अस्सल कागदासाठीं राजवाड्यांनीं गांवोगांव पायपीट केली ती याचसाठीं. पण खोट्या सनदेनें फार तर एखादें वतन जातें. खोट्या चिठ्ठीनें जिवंत जातीचा ठावठिकाणाच हरवतो, आणि जो प्राणी कोठें राहतो हेंच ठाऊक नाहीं, त्याचें रान कोण राखणार? शहाद्याच्या बाजूस सागाचीं झाडें तुटत राहिलीं, त्या वर्षांत रानपिंगळ्याची बाजू मांडणारा कोणी नव्हता.

म्हणून किन्हीराजाच्या नोंदीपुढें आम्हीं तारीख घातली नाहीं. आम्हीं पाहिला तो साधा पिंगळाही असेल. प्रश्नचिन्ह तसेंच ठेवलें आहे. पुन्हां तिकडे जाणें घडलें, तर जें दिसेल तें त्याच जागीं, त्याच दिवशीं लिहूं.