पाणचक्कीचें पाणी आणि उष्णतेची वाटचाल

वैशाखांत मराठवाड्याचा काळा खडक इतका तापतो कीं त्यास हात लाववत नाहीं. अशा दिवसांतही छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीच्या आवारांतील एक विस्तीर्ण दालन गार असतें. या दालनाचें छत म्हणजेच वरच्या मोठ्या हौदाचा तळ होय. हा गारवा येतो कोठून, या साध्या प्रश्नाच्या उत्तरांत उष्णताशास्त्राचा बराचसा इतिहास सांठविलेला आहे.

मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेली खडकी तीच पुढें औरंगाबाद झाली. डोंगरांतील झऱ्यांचें पाणी भूमिगत नहरींनीं शहरांत आणण्याची विद्या येथें त्याच्या काळांत रुजली. याच विद्येच्या आधारें पुढें बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्याजवळ पाणचक्की उभी राहिली. मातीच्या नळांतून आलेलें पाणी उंच बांधीव भिंतीवर चढे, तेथून खालीं कोसळे, आणि त्याच्या जोरानें जातें फिरून फकिरांसाठीं व यात्रेकरूंसाठीं पीठ दळलें जाई.

जात्यांतून निघालेलें पीठ कोमट लागतें, हें प्रत्येक गृहिणी जाणते. धान्य थंड, दगड थंड, मग ही ऊब आली कोठून? अठराव्या शतकांतील युरोपचे बहुतेक पंडित उष्णतेस वजनरहित असा अदृश्य द्रव समजत. म्यूनिक येथें तोफा कोरतांना उष्णता अखंड निघत राहते, असें काउंट रम्फर्ड यानें १७९८ मध्यें प्रसिद्ध केलें. जी घर्षण चालेल तोंवर संपतच नाहीं, ती सांठविलेला द्रव कशी असेल? इंग्लंडांत जेम्स जूल यानें त्याचा हिशेबच मांडला. १ पौंड पाणी फॅरनहाइटच्या १ अंशानें तापविण्यास, १ पौंड वजन ७७२ फूट खालीं पडतांना होतें तितकें काम खर्चीं पडतें, असें त्यानें १८५० मध्यें सांगितलें. आज हा आंकडा सुमारें ७७८ फूट मानतात. उष्णता म्हणजे पदार्थाच्या कणांची हालचाल होय. पडत्या पाण्याचें कामच पिठाची ऊब होऊन हातास लागे.

दालनांतील प्रकार याच्या उलट आहे. थंडी आंत शिरते, असें आपण बोलतों. परंतु थंडी नांवाची वस्तूच नाहीं. उष्णता मात्र आपण होऊन अधिक तप्त वस्तूकडून कमी तप्त वस्तूकडे जाते. दालनांतील तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, गार छतास लागून निवते आणि जड होऊन खालीं उतरते, हें अभिसरण. छताच्या दगडांतून तीच उष्णता हौदाच्या पाण्यांत जाते, हें वहन. सूर्याची उष्णता वरून येते ती प्रारणानें. तिनें तापलेलें पाणी हलकें असल्यामुळें वरच्या थरांत राहतें आणि तेथें त्याची वाफ होते. १ ग्रॅम पाण्याची वाफ होतांना सुमारें ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. शिवाय तितक्याच वजनाच्या खडकाहून पाण्यास तापण्यासाठीं सुमारें पांचपट उष्णता लागते. आणि हौदांतून ओसंडणारें पाणी आपला वांटा घेऊन खाम नदीस मिळतें.

म्हणून हा गारवा दगडाचा नव्हे, वाहत्या पाण्याचा आहे. शहर वाढलें तशा जुन्या नहरी ठिकठिकाणीं फुटल्या व बुजल्या. हौद कोरडा पडला तर तेंच छत दिवसभर ऊन पिईल आणि रात्रीं तें दालनांत ओतील. उष्णतेचे नियम बदलणार नाहींत; तिला वाहून नेणारें पाणी तेवढें नसेल.