मृत्युपत्रान्वये विद्यापीठदान
मृत्युपत्रान्वये विद्यापीठदान : मृत्यूनंतर आपल्या मिळकतीचा काही भाग विद्यापीठाला मिळावा, अशी मृत्युपत्रात केलेली तरतूद.

अमेरिकेत जॉन हार्व्हर्ड याने १६३८ मध्ये निम्मी संपत्ती व सुमारे ४०० ग्रंथ केंब्रिज (मॅसॅचूसेट्स) येथील नव्या कॉलेजला दिले. पुढील वर्षी कॉलेजला त्याचे नाव मिळाले. भारतात प्रसन्नकुमार टागोर (मृत्यू १८६८) यांच्या मृत्युपत्रातून कलकत्ता विद्यापीठात टागोर विधी प्राध्यापकपद निर्माण झाले. पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले बी. के. मुखर्जी यांचा हिंदू धर्मादाय न्यासांवरील प्रमाणग्रंथ याच पदावरून दिलेल्या व्याख्यानमालेतला. विठ्ठलदास ठाकरसी यांची महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी मात्र हयातीतली होती.

दान ठरावीक रकमेचे, विशिष्ट वस्तूचे किंवा देणी फेडून उरलेल्या मिळकतीचे असते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार सर्वसाधारण मृत्युपत्राला किमान दोन साक्षीदार लागतात. नोंदणी ऐच्छिक असते. मुस्लिम विधीत वारसांच्या संमतीविना एक-तृतीयांशापलीकडे दान देता येत नाही. ख्रिस्ती व्यक्तींच्या धर्मादाय मृत्युपत्रदानावर बंधने घालणारे उत्तराधिकार अधिनियमाचे कलम ११८ सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केले. शब्दरचना येथे निर्णायक असते : विद्यापीठाचे वैधानिक नाव, हेतू आणि हेतू कालबाह्य झाल्यास पर्यायी विनियोग स्पष्ट लिहिणे हितावह ठरते (पहा : मृत्युपत्र, धर्मादाय न्यास).

अशा दानातून अध्यासने, शिष्यवृत्त्या व ग्रंथालये दीर्घकाळ चालतात. ब्रिटनमध्ये निव्वळ मिळकतीचा किमान १० टक्के भाग धर्मादायास दिल्यास वारसाकर ४० ऐवजी ३६ टक्के लागतो. भारतात मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाल्याने अशी करसवलत उरलेली नाही.