आभारांच्या ओळीतला माणूस

कोणताही मराठी प्रबंध उघडावा आणि प्रस्तावनेच्या शेवटाकडे जावे. मार्गदर्शक, कुटुंबीय, मुद्रक यांच्या मालिकेत कोठेतरी एक वाक्य असते : ग्रंथपालांनी पुस्तके तत्परतेने उपलब्ध करून दिली, त्यांचे आभार. पुष्कळदा नावही नसते, पदनाम तेवढे असते. या वाक्यातल्या माणसाने स्वतः लेखक व्हावे, आपल्या हाताखालून जाणाऱ्या ग्रंथांविषयी स्वतःचे काही म्हणणे मांडावे, असे क्वचितच घडते. ते का घडत नाही, आणि जेथे घडले तेथे कशामुळे घडले, हा प्रश्न ग्रंथालयशास्त्राइतकाच वाङ्मयेतिहासाचाही आहे. गिरणाकाठच्या भडगावासारख्या तालुक्याच्या गावातून तो विचारला, की त्याची धार अधिक जाणवते.

नेहमीचे उत्तर ठरलेले आहे. ग्रंथपालाला वेळ नसतो, वेतन तुटपुंजे असते, संशोधनाची पदवी नसते. यातले काहीच खोटे नाही. परंतु ज्यांनी ही वाट चालून दाखवली त्यांची चरित्रे पाहिली, तर आणखी एक गोष्ट ठळकपणे समोर येते. त्यांना सोबत होती. प्रश्न विचारणारे, उत्तर तपासणारे आणि लिहिलेले छापणारे लोक त्यांच्याभोवती होते.

सर्वांत परिचित उदाहरण शि. रा. रंगनाथन यांचे. गणिताचे हे प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि अल्पावधीतच त्या निर्जन कामाला कंटाळून पुन्हा अध्यापनाकडे जाऊ पाहू लागले. त्यांना थांबवले ते इंग्लंडच्या प्रवासाने. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स यांच्यासारखा शिक्षक त्यांना भेटला, अनेक ग्रंथालये हिंडून पाहता आली, आपल्यासारखेच प्रश्न पडलेली माणसे भेटली. परत आल्यावर अशी मंडळी आपल्याकडेही एकत्र यावीत म्हणून १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ उभा राहिला, आणि रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध केला तो याच संघाने. कंटाळलेला ग्रंथपाल आणि शास्त्रकार यांच्यामधल्या सात वर्षांत बुद्धी तीच होती. भोवतालची माणसे बदलली होती.

आपल्याकडचे उदाहरण याहून जवळचे, पण आज बरेचसे विसरले गेलेले आहे. परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) हे देवरुखचे. पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली, पुढच्या वर्षी डेक्कन कॉलेजातला सरकारी हस्तलिखितसंग्रह तेथे आला, आणि १९१९ मध्ये गोडे तेथे क्युरेटर म्हणून रुजू झाले. म्हणजे पोथ्यांचे रक्षक. पोथी काढून देणे, परत आली की जागेवर ठेवणे, नोंद करणे, पत्रांना उत्तरे देणे, हे त्यांचे काम. या कामातून त्यांचे चारशेहून अधिक शोधनिबंध निर्माण झाले. भारतीय वाङ्मयेतिहासावरील तीन खंड १९५३ ते १९५६ या काळात आले आणि सांस्कृतिक इतिहासावरील तीन खंड त्यांच्या अखेरच्या दिवसांत व मृत्यूनंतर.

त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. संस्कृत ग्रंथकार आपला काळ सहसा सांगत नाही. परंतु पोथी उतरवणारा लेखनिक शेवटच्या पुष्पिकेत शक, तिथी, गाव लिहून जातो. शके १६०० ची प्रत हाती आली, तर मूळ ग्रंथ त्याच्या आधीचा हे ठरते. त्या ग्रंथात कोणाचा उल्लेख आहे हे पाहिले, की दुसरी मर्यादा मिळते. या दोन मर्यादांमधले अंतर कमी करत नेणे, एवढाच हा उद्योग. पण त्यासाठी केवळ पुण्यातली पोथी पुरत नाही. तंजावर, बिकानेर, बडोदे येथे त्याच ग्रंथाच्या कोणत्या प्रती आहेत हे कळावे लागते. सूची लागतात, आणि सूचीत नसलेले सांगणारी माणसेही लागतात. ‘भोजनकुतूहल’ या पाकविषयक ग्रंथाचा कर्ता रघुनाथ नवहस्त याचा तंजावरची राणी दीपाबाई हिच्याशी असलेला संबंध गोडे यांनी दाखवून दिला. चौलकडचा पंडित आणि कावेरीकाठचा मराठी दरबार एका ओळीत आणणे, हे एकाच कपाटापुढे बसून होणारे काम नव्हे.

गोडे यांना हे साधले, कारण ते जेथे बसत तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी विद्वान ये-जा करत होते, संस्थेचे स्वतःचे नियतकालिक होते आणि त्याच्या संपादनात गोडे यांचाही हात होता. १९६० साली त्यांच्या गौरवार्थ निबंधसंग्रह निघाला. ज्याचे आभार मानायचे, त्यालाच ग्रंथ अर्पण झाला. आभारांच्या ओळीतून मुखपृष्ठापर्यंतचा हा प्रवास.

शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ हाही याच प्रकारचा पुरावा. १८०० ते १९३७ या काळातील मराठी मुद्रित ग्रंथांची नोंद करणारा तिचा पहिला भाग १९४३ साली निघाला. दुसरा भाग १९५० पर्यंत येतो. आज मराठीचा कोणताही अभ्यासक दात्यांवाचून पाऊल टाकू शकत नाही. अशी सूची एका संग्रहावरून होत नाही. एका ग्रंथालयात नसलेले पुस्तक दुसऱ्या ग्रंथालयात शोधावे लागते, आणि तेथे कपाट उघडून देणारा, फाटक्या मुखपृष्ठामागचे वर्ष वाचून दाखवणारा कोणीतरी असावा लागतो. सूचीवर नाव एकाचे असते. तिच्यामागची माणसे अनेक असतात.

आता खानदेशाकडे वळू. येथे परंपरा नव्हती असे कोणी म्हणू नये. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि समर्थ संप्रदायाच्या पोथ्या मठामठांतून जमवल्या. पुढे १९३५ मध्ये त्या संग्रहासाठी समर्थ वाग्देवता मंदिर उभे राहिले. राजवाड्यांचा देह धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी पडला. पाठोपाठ १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले आणि १९३२ पासून ‘संशोधक’ हे त्याचे नियतकालिक. संग्रह, भेटीची जागा आणि छापण्याचे साधन या तिन्ही गोष्टी एका जिल्ह्याच्या गावाने स्वतःच्या बळावर उभ्या केल्या. याचा अभिमान वाटावा.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. देव वकील होते, राजवाडे मंडळाच्या उभारणीत पुढे असलेले भास्कर वामन भट हेही वकील. ही मंडळी उपजीविकेपुरती स्वतंत्र होती; संशोधन हा त्यांचा ध्यास होता. किल्ल्या सांभाळणारा पगारी माणूस लिहू लागेल, अशी अपेक्षाच त्या काळाच्या रचनेत नव्हती. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ग्रंथालयांना मान्यता, वर्ग आणि अनुदान दिले. ग्रंथपालाला त्याने रजिस्टर दिले. प्रश्न विचारणारा सोबती देणे कायद्याच्या हाती नव्हते. १९९० मध्ये जळगावला विद्यापीठ आले, ज्याला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. ‘शोधगंगा’मुळे देशभरचे प्रबंध आता भडगावातूनही वाचता येतात. साधने जवळ आली आहेत. माणसे मात्र आली आहेत असे म्हणवत नाही.

खुद्द बहिणाबाईंची गाणी काय सांगतात? त्या लिहू शकत नव्हत्या. घरच्यांनी ऐकून उतरवून घेतले, सोपानदेवांनी ती वही अत्र्यांपुढे ठेवली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक झाले. ऐकणारा, उतरवणारा, ओळखणारा, छापणारा अशी साखळी जुळली नसती, तर असोद्याची ती वाणी शेतातच विरून गेली असती. तालुक्याच्या वाचनालयात पडून असलेल्या जुन्या स्मरणिका, गावोगावचे अहवाल, अहिराणी गाण्यांच्या वह्या यांना आज अशीच साखळी हवी आहे. भडगाव, पाचोरा, पारोळा, एरंडोल, चाळीसगाव येथल्या ग्रंथपालांनी आपापल्या जुन्या पुस्तकांच्या याद्या एकमेकांना दिल्या, महिन्यातून एकदा एकत्र बसून एकाचे टिपण दुसऱ्याने वाचले, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या मराठीच्या प्राध्यापकाने ते छापण्याजोगे करण्यास हात लावला, तर सुरुवात होते. यासाठी फार पैसा लागत नाही. प्राध्यापकाने ग्रंथपालाला पुस्तक मागण्याऐवजी कधीतरी मत मागावे लागते, हीच त्यातली खरी अडचण.

भडगावच्या शेजारी, चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची आणि त्याला मिळालेल्या दानांची त्यात नोंद आहे. ग्रंथ होतेच. ते कपाटबंद ठेवून भागणार नाही, त्यांच्याभोवती एकत्र बसणारी माणसे हवीत आणि त्या बैठकीची सोय गावाने करावी, हे या भागाला आठशे वर्षांपूर्वी उमगले होते.