साठी, बुद्धी आणि डोक्याचा मार

घरातले आजोबा न्हाणीघरात घसरतात. डोक्याला टेंगूळ येते आणि चार दिवसांत बसतेही. मग तीनएक आठवड्यांनी त्यांचे डोके दुखू लागते, बोलणे अडखळते, एक पाय ओढला जातो, दिवसाही ते पेंगतात. घरचे म्हणतात, "साठी बुद्धी नाठी, वयच झालं आता!" टेंगळाची कोणाला आठवणही नसते.

पण असे फसणारे घरचेच नव्हेत. मोठमोठे वैद्यही फसले. १८५७ साली जर्मनीतील फिर्खो यांनी मेंदूच्या आवरणाखाली साठणाऱ्या या रक्ताचे कारण आवरणाचा दाह असे सांगितले. असे रक्त वेड्यांच्या इस्पितळांतील शवविच्छेदनांत वारंवार आढळे, म्हणून त्याचा संबंध वेडाशी जोडला गेला. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ साली उघडले, तेव्हाही खरे कारण अंधारातच होते.

१९१४ साली लंडनचे शल्यवैद्य विल्फ्रेड ट्रॉटर यांनी बोट ठेवले ते मारावर. उतारवयात मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जातात. हलक्या धक्क्यानेही एखादी फाटते. रक्त हळूहळू साठते आणि मेंदू दबतो.

कारण कळले, तरी क्ष-किरणांच्या चित्रात कवटी दिसे, हे रक्त दिसत नसे. आपल्या देशात डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरला मेंदूच्या शल्यक्रियेचा विभाग सुरू केला. मुंबईत या कामाचा पाया डॉ. राम गिंडे यांनी घातला. पुढे १९७१ साली इंग्लंडात हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्राने जिवंत माणसाचा मेंदू प्रथमच दाखवला. आज ही तपासणी ठाणे, कल्याण, डोंबिवलीतच होते.

उपचार तसा साधा. रक्त थोडे असेल तर डॉक्टर नुसती नजर ठेवतात. जास्त असेल तर कवटीला एकदोन लहान भोके पाडून ते धुऊन काढतात. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडातील पाहणीत, नंतर निचऱ्याची नळी ठेवल्यावर शंभरांतील सुमारे ९ जणांत रक्त पुन्हा साठले. नळी न ठेवता २४ जणांत.

तेव्हा मंडळी, म्हातारे माणूस अचानक बदलले, तर आधी विचारा, "महिना-दोन महिन्यांत कुठं पडला होतात का?" रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा; गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. गुरुजींनी ही गोष्ट शाळेत मुलांना अवश्य सांगावी. आजोबा पडले, हे पुष्कळदा घरात नातवालाच ठाऊक असते.