अनामिका, पाल आणि इरावतीबाईंच्या कवट्या

तर्जनीपेक्षा अनामिका लांब असेल तर माणूस असा, आखूड असेल तर तसा, असं सांगणाऱ्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. यात खरं किती, हे शोधायला गेलो आणि थेट १८७५ सालात पोचलो.

त्या वर्षी जर्मन शरीरशास्त्रज्ञ अलेक्झांडर एकर यांनी या दोन बोटांच्या लांबीतल्या फरकावर लिहिलं. १९९८ मध्ये जॉन मॅनिंग यांनी त्याचा संबंध संप्रेरकांशी जोडला आणि विषय गाजला. पुरुषांची अनामिका तर्जनीच्या मानाने सरासरीने थोडी जास्त लांब असते, हे खरं आहे. २०११ मध्ये अमेरिकेत झेंग आणि कोन यांनी उंदरांच्या गर्भात पाहिलं, की चौथं बोट नर आणि मादी संप्रेरकांना जास्त प्रतिसाद देतं.

मग पालींचं काय? मी चिखलोलीत राहतो. इथे ट्यूबलाइटजवळ पाल असतेच. पुरुषाच्या उजव्या अंगावर पाल पडली तर शुभ, बाईच्या डाव्या, हे आपल्या पंचांगांनी कधीच ठरवून टाकलंय. संशोधकांनी मात्र सरड्या-पालींच्या कुळातल्या प्राण्यांची बोटंच मोजली. २००६ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दोन जाती तपासल्या, तर अमेरिकेत हिरव्या अनोल सरड्यांवर काम झालं. नर-मादीत फरक सापडले, पण सगळ्या प्राण्यांना लागू पडेल असा एकच नियम काही निघाला नाही.

शरीर मोजून माणसाबद्दल किती बोलायचं, हा प्रश्न एका मराठी बाईपुढेही आला होता. इरावती कर्वे १९२७ मध्ये बर्लिनला पीएचडीसाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपीय लोकांची कवटी डावी-उजवीकडे जास्त असमान असते आणि त्यातच त्यांची श्रेष्ठ बुद्धी दिसते, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिलं, की या असमानतेचा वंशाशी संबंध नाही. परक्या देशात, स्वतःच्या गाइडच्या विरुद्ध! पुढे भारतात आल्यावरही त्यांनी माणसं मोजणं सोडलं नाही. मोजण्याला त्यांचा विरोध नव्हताच. आकडे जे सांगत नाहीत ते आकड्यांच्या तोंडी घालायला त्यांनी नकार दिला.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून माझ्या भाषेत सांगतो. बोटांच्या गुणोत्तरावरून ‘स्त्री की पुरुष’ ओळखणारा इफ-एल्स लिहिला, तर तो सतत चुकेल. दोन गटांच्या सरासरीत फरक आहे, पण आकडे एकमेकांत प्रचंड मिसळलेले आहेत. जिथे एवढंही ओळखता येत नाही, तिथे स्वभाव, हुशारी आणि नशीब कुठून कळणार?

खात्री करायची असेल तर आज घरातल्या सगळ्यांची बोटं मोजा. आकडे नावांशिवाय कागदावर लिहा आणि मित्राला विचारा, यातली आई कोण आणि बाबा कोण?