मराठी ख्रिस्ती समाज आणि सामाजिक विरोध : एक ऐतिहासिक अभ्यास (१८३९ ते १९२२)

प्रस्तावना

धर्मांतर ही व्यक्तीच्या श्रद्धेची बाब असली, तरी एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात तिचे परिणाम संपूर्ण कुटुंबाला भोगावे लागत. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीला घर, जात आणि पुष्कळदा जोडीदारही गमवावा लागे. या विरोधाचा इतिहास बहुधा दोन टोकांनी लिहिला गेला आहे. एका बाजूने तो छळाची कथा म्हणून सांगितला जातो, तर दुसऱ्या बाजूने परकीय सत्तेविरुद्धचा स्वसंरक्षणाचा प्रयत्न म्हणून. विरोध सोसणाऱ्यांनी त्याला नेमके काय उत्तर दिले, या प्रश्नाकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले आहे. बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आधारे प्रस्तुत लेखात या उत्तरांचा विचार केला आहे.

विरोधाचे स्वरूप

१८१३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या मुलखात मिशनऱ्यांच्या कार्याचा मार्ग मोकळा झाला आणि त्याच वर्षी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पुढे शाळांमधून धर्मांतरे होऊ लागताच संघर्ष उफाळला. १८३९ मध्ये जॉन विल्सन यांच्या शाळेतील दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि अनेक पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत यास मात्र न्यायालयाने वडिलांच्या स्वाधीन केले. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे, या मताचा बाळशास्त्री जांभेकरांनी पुरस्कार केला आणि त्यावरून ब्राह्मणवर्गात मोठा वाद माजला.

या विरोधात तीन निरनिराळे प्रवाह मिसळलेले होते. अल्पवयीन मुलांविषयी पालकांना वाटणारी भीती स्वाभाविक होती. मिशनरी आणि राज्यकर्ते एकाच वंशाचे असल्यामुळे धर्मप्रसाराकडे सत्तेचा विस्तार म्हणून पाहिले जाणेही समजण्यासारखे होते. तिसरा प्रवाह जातिबहिष्काराचा होता. विहीर, पंगत आणि वारसाहक्क नाकारणाऱ्या या प्रवाहाला न्याय्य आधार नव्हता. पुढील काळातील प्रतिसादांचे मोल ठरविताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

न्यायालय आणि वादविवाद

पहिला प्रतिसाद कायद्याचा होता. १८५० च्या २१ व्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडणार नाही, अशी तरतूद केली. हे संरक्षण आवश्यक होते. परंतु त्यामुळे मिळकत राखता आली तरी शेजाऱ्याचा विश्वास परत मिळविता आला नाही. उलट, ख्रिस्ती मंडळी सरकारच्या पाठिंब्यावर उभी आहेत, हा समज अधिक दृढ झाला.

दुसरा प्रतिसाद जाहीर वादविवादाचा होता. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांचा वाद गाजला. १८५७ च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्यात चर्चा झाल्या. अशा वादांनी मराठी गद्याला धार आली, हे खरे. तथापि दोन्ही पक्ष बहुधा आपापल्या अनुयायांसमोरच विजयी ठरले.

बाबा पदमनजी : समान दुःखाचा शोध

बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून अनेक अभ्यासक या ग्रंथाचा निर्देश करतात. त्यात धर्मप्रसाराचा हेतू उघड दिसतो. असे असले तरी ग्रंथाचा मुख्य विषय हिंदू विधवांचे हाल हा आहे, आणि १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा नुकताच झालेला असताना हिंदू सुधारकांनाही तोच प्रश्न अस्वस्थ करीत होता. ज्या समाजाने दूर लोटले, त्याच समाजातील पीडितांचे दुःख पदमनजींनी आपले मानले. पुढे कोश, निबंध आणि ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र लिहून ते अखेरपर्यंत मराठी वाचकाशी बोलत राहिले.

पंडिता रमाबाई : विश्वास आणि स्पष्टता

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्यावर सर्व बाजूंनी टीका झाली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली, हे या संदर्भात उल्लेखनीय आहे. १८८९ मध्ये मुंबईत स्थापन झालेले आणि पुढील वर्षी पुण्यास हलविलेले ‘शारदासदन’ धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे जाहीर झाले होते. त्यामुळेच न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्यांनी त्यास साहाय्य केले. परंतु रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली बसू लागल्या, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील मान्यवरांनी अंग काढून घेतले. अनेक मुलींना पालकांनी परत नेले.

या प्रकरणी दोष केवळ एका बाजूस देणे इतिहासाला धरून होणार नाही. स्वतःच्या घरात दार लावून प्रार्थना करावी, ही अपेक्षा रमाबाईंना मान्य होणे शक्य नव्हते. दुसरीकडे, तटस्थतेच्या आश्वासनावर विसंबून मुली धाडणाऱ्या पालकांची तक्रारही निराधार नव्हती. पुढे केडगाव येथे उभे राहिलेले ‘मुक्ती’ हे उघडपणे ख्रिस्ती स्वरूपाचे होते. त्यामुळे संस्थेच्या हेतूविषयी संदिग्धता उरली नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया त्यांनी तेथे आणल्या. टीकाकारांना उत्तरे देण्यापेक्षा या कामात त्यांची शक्ती खर्च झाली.

रमाबाईंनी इंग्लंडमधील धर्मगुरूंच्या आज्ञेतही स्वतःची बुद्धी गहाण ठेवली नाही. त्यांचा आहार शाकाहारी व वेश भारतीय राहिला आणि मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ‘ख्रिस्ती म्हणजे परके’ या आक्षेपाचे हे कृतीतून दिलेले उत्तर होते. शारदासदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढली. ज्या वर्षी सदनावर बहिष्कार पडला, त्याच वर्षी तेथील एक विद्यार्थिनी हिंदू समाजसुधारणेच्या प्रवाहात अग्रभागी आली, ही बाब बोलकी आहे.

नारायण वामन टिळक : प्रतीक्षा आणि स्वकीयत्व

नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर राहिल्या. धर्मांतरितास अशा परिस्थितीत विवाहविच्छेद मागता यावा, असा कायदा १८६६ पासून अस्तित्वात होता. टिळकांनी तो मार्ग घेतला नाही, ते थांबले. लक्ष्मीबाई पुढे अहमदनगरला आल्या, सोवळे पाळीत राहिल्या आणि १९०० मध्ये स्वेच्छेने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’मधील हा वृत्तांत वाचताना विरोधाची झळ किती घरगुती असे आणि ती निवण्यास किती काळ लागे, याची कल्पना येते.

टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन हे प्रकार ख्रिस्ती उपासनेत रुजविले. बालकवी ठोंबरे यांना त्यांच्या घरी आश्रय मिळाला. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा प्रयोग आरंभिला. परकीय आश्रयाविषयीच्या आक्षेपात तथ्य होते, ते त्यांनी मान्य केले आणि त्यासाठी स्वतःचा पगार सोडला.

एक मर्यादा

वरील तिन्ही व्यक्ती सुशिक्षित होत्या आणि त्यांपैकी दोघे जन्माने ब्राह्मण होते. अहमदनगर परिसरातील बहुसंख्य ख्रिस्ती मात्र महार व मांग समाजांतून आले होते. बहिष्कार त्यांच्यासाठी नवा नव्हता. धर्मांतरानंतर तो संपलाही नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले नाही. त्यांच्या बाबतीत संयमाचा उपदेश पुरेसा नाही, हक्काची मागणी हाही प्रतिसादाचाच भाग ठरतो.

निष्कर्ष

कायदा आणि वादविवाद यांनी ख्रिस्ती समाजाला संरक्षण दिले. समाजात स्थान मात्र भाषा, सेवा आणि प्रतीक्षा यांतून मिळाले, असे या विवेचनावरून दिसून येते. पदमनजी, रमाबाई आणि टिळक यांनी श्रद्धा लपविली नाही. सरसकट सर्व विरोधाला छळ मानण्याची चूकही त्यांनी केली नाही. आक्षेपातील अन्यायाला नकार देणे आणि त्यातील सत्य स्वीकारून स्वतःत बदल घडविणे, ही दोन्ही कामे त्यांना करावी लागली. यांपैकी दुसरे काम अधिक कठीण होते. टिळकांना त्यासाठी नोकरी सोडावी लागली आणि रमाबाईंना पुण्यातील आपले सर्वांत प्रतिष्ठित साहाय्यक गमवावे लागले.